लोकशाहीची कोणती व्याख्या घ्यावी? आधी तुमचा प्रश्न तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : पीएच.डी.साठी 'लोकशाहीमुळे आर्थिक विषमता कमी होते का' हा तौलनिक विषय घेतला आहे, देश निवडून झाले आहेत, पण पहिल्याच प्रकरणात गाडी अडली आहे. जितकी पुस्तकं उघडली तितक्या लोकशाहीच्या व्याख्या सापडल्या. गाईड म्हणतात, एक पक्की करा आणि पुढे चला. मग सर्वांत बरोबर व्याख्या कोणती? जोडीला दुसरा प्रश्न : एकाच देशाला, उदाहरणार्थ भारताला, एक निर्देशांक लोकशाही म्हणतो आणि दुसरा एकाधिकारशाही, तर विश्वास कुणावर ठेवायचा? तुम्ही स्वतःची तात्पुरती व्याख्याही दिली आहे : 'मुक्त निवडणुकांतून आलेलं आणि सर्वांना विकासात न्याय्य वाटा देणारं शासन म्हणजे लोकशाही.'

या व्याख्येपासूनच सुरुवात करतो, कारण खरी अडचण तिच्या उत्तरार्धात आहे. लोकशाहीमुळे विषमता कमी होते का, हे तुम्हाला शोधायचं आहे. पण 'न्याय्य वाटा' व्याख्येतच घातला, तर जिथे तो मिळत नाही तो देश आपोआप लोकशाहीच्या यादीतून बाहेर पडणार. यादीत उरतील ते कमी विषमतेचेच देश, आणि निष्कर्ष 'होय, कमी होते' असाच येणार. त्यासाठी आकडेवारी गोळा करायचीही गरज नाही. व्हायव्हात बाहेरून आलेला परीक्षक पहिलं बोट इथेच ठेवेल.

याचा अर्थ तशी व्याख्या करणारे लोक चुकले असा अजिबात नाही. डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९५२मध्ये पुण्यात वकिलांपुढे केलेल्या भाषणात लोकशाहीची व्याख्या केली ती अशी : लोकांच्या आर्थिक आणि सामाजिक जीवनात रक्तपाताशिवाय क्रांतिकारक बदल घडवून आणणारी शासनपद्धती. लोकशाहीकडून काय मागायचं, याची ही फार मोठी व्याख्या आहे. पण त्याच भाषणात त्यांनी लोकशाही यशस्वी होण्याच्या अटी सांगितल्या आणि त्यांतली पहिली अट म्हणजे समाजात ढळढळीत विषमता नको. म्हणजे विषमता एकीकडे लोकशाहीचा परिणाम ठरते, तर दुसरीकडे तिच्या यशापयशाचं कारण. राजकीय विचार मांडताना दोन्ही एकत्र सांगता येतात. तुम्हाला मात्र त्यांतला एकच धागा ओढून तपासायचा आहे, आणि त्यासाठी लोकशाही एका बाजूला, विषमता दुसऱ्या बाजूला अशी आधी फारकत करावी लागेल.

म्हणून माझं म्हणणं असं : बरोबर व्याख्येचा शोध सोडा. लोकशाहीचा नेमका कोणता भाग तुमच्या परिणामापर्यंत जाऊन पोचतो, हे आधी ठरवा. तो भाग व्याख्येत असलाच पाहिजे. परिणाम स्वतः तिच्यात नको. बाकीचं घ्यायचं की नाही हे बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे : कोणता कालखंड, कोणते देश, कोणती आकडेवारी हाताशी आहे. तुमचा विषय 'लोकशाहीचा दर्जा' असता तर मी याहून बरंच वेगळं लिहिलं असतं.

'भाग' म्हणजे काय ते उदाहरणाने सांगतो. लोकशाही असेल तर दुष्काळाचं रूपांतर भूकबळींच्या मोठ्या आपत्तीत होत नाही, असं अमर्त्य सेन यांचं प्रसिद्ध प्रतिपादन आहे. त्यातलं काम कोण करतं? मोकळी वृत्तपत्रं आणि सरकारला धारेवर धरणारा विरोधी पक्ष. या विषयावर काम करणाऱ्याच्या व्याख्येत वृत्तपत्रस्वातंत्र्य नसेल तर त्याने मुद्दाच वगळला. विषमतेचं तसं नाही. तिथे ज्या सिद्धान्ताचा हवाला बहुतेक जण देतात तो ॲलन मेल्ट्झर आणि स्कॉट रिचर्ड या अर्थशास्त्रज्ञांचा, १९८१चा. त्याचं सार असं की मताधिकार खालच्या थरापर्यंत गेला की मधल्या मतदाराचं (म्हणजे उत्पन्नाच्या क्रमाने लावलेल्या रांगेत बरोबर मध्ये येणाऱ्याचं) उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा कमी ठरतं, त्याला करातून होणारं फेरवाटप फायद्याचं वाटतं आणि तो तसं मत देतो. म्हणजे तुमच्या विषयात मुख्य प्रश्न दोन : मत कुणाकुणाला आहे, आणि त्या मतातून निवडून आलेल्यांच्या हातात कर बसवण्याची खरी ताकद आहे का. आता हे डोक्यात ठेवून गाजलेल्या व्याख्यांकडे बघा.

अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुम्पीटर यांनी १९४२मध्ये व्याख्या केली ती अगदी सडसडीत आहे : लोकांची मतं मिळवण्यासाठी स्पर्धा करून निर्णयाचा अधिकार मिळवण्याची व्यवस्था म्हणजे लोकशाही. लोककल्याण, समता, लोकांची इच्छा वगैरे सगळं बाहेर. विद्यार्थ्यांना ती कोरडी वाटते. तौलनिक अभ्यासात ती टिकली मात्र त्याच कोरडेपणामुळे, कारण परिणाम तिच्यात नसल्याने तो मोकळेपणाने तपासता येतो. तुमच्यासाठी तिची उणीव दुसरीकडे आहे. 'लोक' कोण हे ज्या त्या समाजाने आपलं आपण ठरवावं, असं शुम्पीटर म्हणतात. आणि तुमचा सगळा सिद्धान्त तर 'लोक कोण' यावरच उभा आहे.

ती उणीव राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डाल यांनी १९७१मध्ये भरून काढली. त्यांनी दोन अक्ष मांडले : सत्तेसाठी उघड स्पर्धा किती चालते, आणि त्या स्पर्धेत भाग घ्यायचा हक्क किती जणांना आहे. दोन अक्ष कशाला, हे दोन देश शेजारी ठेवले की कळतं. सोव्हिएत संघात प्रौढ मताधिकार सर्वांना होता, मतदान नियमित होत असे, पण स्पर्धा नव्हती. वर्णभेदाच्या काळातल्या दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या पक्षांमध्ये खऱ्या निवडणुका होत, विरोधक संसदेत बसत, आणि बहुसंख्य कृष्णवर्णीय जनता मात्र १९९४पर्यंत बाहेर होती. एकाच अक्षावर मोजलं असतं तर यांतला कुठला तरी एक देश लोकशाहीच्या गोटात शिरला असता. डाल यांनी मग संघटना, अभिव्यक्ती, माहितीचे पर्यायी स्रोत, निवडणूक लढवण्याचा हक्क अशा आठ संस्थात्मक हमी सांगितल्या. त्या तुम्ही वाचल्या असतीलच, परत मांडत बसत नाही.

दुसऱ्या अक्षावर मात्र थोडं थांबा. स्वित्झर्लंडचं संघराज्य १८४८चं. पुरुषांना मताधिकार, नियमित निवडणुका, वर सार्वमताची परंपरा. स्त्रियांना मत द्यावं का, यावर १९५९मध्ये सार्वमत घेतलं. मतदार अर्थातच फक्त पुरुष, आणि त्यांनी मोठ्या फरकाने नकार दिला. होकार मिळाला तो फेब्रुवारी १९७१मध्ये. आपेन्झेल इनरऱ्होडन या कॅन्टनमध्ये (घटकराज्यात) तर स्थानिक पातळीवर स्त्रियांना मत मिळायला १९९० उजाडलं, तेही न्यायालयाच्या निकालाने. आता देशांना वर्षावर्षाला लोकशाहीचे गुण देणाऱ्या 'पॉलिटी' नावाच्या मालिकेत बघा : उणे १० ते अधिक १० अशा तिच्या पट्टीवर स्वित्झर्लंड १८४८पासून सरळ १०वर आहे, कारण मताधिकार किती जणांना आहे हे ती पट्टी मोजतच नाही. जगात लोकशाही तीन लाटांत पसरली असं मांडणाऱ्या राज्यशास्त्रज्ञ हंटिंग्टन यांनीही पहिल्या लाटेची सुरुवात १८२८ला धरली, ती निम्म्या प्रौढ पुरुषांना मत असलं की पुरे, या निकषावर. निम्मी प्रौढ लोकसंख्या गैरहजर असताना 'मताधिकार वाढल्याने फेरवाटप वाढतं' हा सिद्धान्त तुम्ही पॉलिटीच्या आकड्यांवर तपासलात, तर जे तपासायचं तेच पट्टीवर नाही. मला हा दोष किरकोळ वाटत नाही.

अर्थात तुमचा कालखंड १९९०नंतरचा असेल तर गोष्ट उलटते. निवडणुका घेणाऱ्या जवळपास सगळ्याच देशांत तोवर सार्वत्रिक प्रौढ मताधिकार आलेला होता. जी गोष्ट सगळीकडे सारखीच आहे तिने देशादेशांतला फरक समजावता येत नाही. तेव्हा तिथे तुमच्या सिद्धान्ताचं निम्मं वजन दुसऱ्या प्रश्नावर जातं : निवडून आलेल्यांच्या हातात खरी सत्ता आहे का?

या प्रश्नासाठी चिलीइतकं बोलकं उदाहरण नाही. ऑक्टोबर १९८८च्या सार्वमतात लष्करी हुकूमशहा पिनोशे हरले, १९८९मध्ये निवडणूक झाली, मार्च १९९०मध्ये पॅट्रिसिओ आयल्विन राष्ट्राध्यक्ष झाले. शुम्पीटरच्या कसोटीवर लोकशाही आली. पण राज्यघटना पिनोशेंच्या राजवटीचीच, १९८०ची. तिच्यात सिनेटचे ९ सदस्य नेमलेले होते. निवडून आलेल्या ३८ जागांपैकी आयल्विन यांच्या आघाडीला २२ मिळाल्या, म्हणजे स्पष्ट बहुमत. नेमलेले ९ मिळवले की सभागृह ४७चं होतं आणि २२ अल्पमतात जातात. परिणाम काय? सामाजिक खर्चासाठी १९९०मध्ये करवाढ करायची होती, तेव्हा नव्या सरकारला उजव्या विरोधी पक्षाशी वाटाघाटी करून, त्यांना पटेल तेवढीच करवाढ करावी लागली. पिनोशे १९९८पर्यंत लष्करप्रमुख राहिले. नेमलेले सिनेटर घटनादुरुस्तीने हटले ते २००५मध्ये. १९९० ते २००५ या चिलीला तुम्ही 'लोकशाही' या रकान्यात टाकलंत आणि विषमता फारशी हलली नाही असं दिसलं, तर दोष लोकशाहीचा की त्या ९ खुर्च्यांचा? व्याख्येत 'निवडून आलेल्यांना राज्य करण्याची प्रत्यक्ष ताकद' ही अट असेल तरच हा प्रश्न विचारता येतो. तुमच्या विषयात ती अट मी घालेनच. म्यानमारचं २००८चं संविधान याच जातीचं : संसदेच्या एक चतुर्थांश जागा लष्कराच्या, आणि घटनादुरुस्तीला तीन चतुर्थांशांहून अधिक मतं हवीत.

इथे एक मोह होतो. अट घालता घालता माणूस घालतच जातो : स्वतंत्र न्यायालय, अल्पसंख्याकांचे हक्क, भ्रष्टाचारमुक्त प्रशासन, सक्रिय नागरिक. राज्यशास्त्रज्ञ सार्तोरी यांनी १९७०मध्येच याचं गणित मांडलं आहे. गुणधर्म वाढवले की त्यात बसणारे देश कमी होतात. गुणधर्म न वाढवता नाव मात्र सगळ्यांना वाटलं, तर संकल्पना ताणली जाऊन फाटते. मधला मार्ग म्हणून संशोधक विशेषणं लावतात. कोलिअर आणि लेव्हिट्स्की यांनी १९९७मध्ये अशी विशेषणं लावलेले लोकशाहीचे शेकडो प्रकार नोंदवले. माझा साधा नियम असा की विशेषण वाचून नेमकं काय कमी आहे ते कळलं पाहिजे. 'लष्कराच्या देखरेखीखालची' म्हटलं की कळतं. 'अपरिपक्व लोकशाही' म्हटलं की लिहिणाऱ्याला तो देश आवडत नाही, एवढंच कळतं.

आता होय-नाही अशी विभागणी करायची की कमी-जास्त मोजायचं, हा वाद. होय-नाहीच्या बाजूचे सर्वांत कडक लोक म्हणजे राज्यशास्त्रज्ञ ॲडम प्रेझवर्स्की आणि त्यांचे सहकारी. त्यांच्या मते लोकशाही म्हणजे जिथे सत्ताधारी पक्ष निवडणूक हरतो आणि हरल्यावर घरी जातो. मग जो कधी हरलाच नाही त्याचं काय? बोट्स्वाना बघा. १९६६ला स्वातंत्र्य, तेव्हापासून नियमित बहुपक्षीय निवडणुका, आणि प्रत्येक वेळी एकच पक्ष विजयी. हरला असता तर सत्ता सोडली असती का, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून त्यांच्या नियमाप्रमाणे बोट्स्वाना लोकशाहीच्या यादीबाहेर राहिला, फ्रीडम हाऊस या अमेरिकी संस्थेच्या 'मुक्त' देशांच्या यादीत असूनसुद्धा. मग ऑक्टोबर २०२४ची निवडणूक आली, सत्ताधारी पक्ष दणकून हरला, राष्ट्राध्यक्ष मसीसी यांनी पराभव मान्य केला आणि काही दिवसांत डुमा बोको यांनी शपथ घेतली. गंमत अशी की या नियमानुसार, निवडणुकीचे नियम तेच असतील तर मागची वर्षंही लोकशाहीत मोजायची. म्हणजे बोट्स्वानात १९८०मध्ये लोकशाही होती की नाही, याचं उत्तर २०२४च्या मतमोजणीने बदलतं. यावर वर्गात हमखास हशा होतो. पण त्या लेखकांची बाजू प्रामाणिक आहे : आपण कुठल्या बाजूला चुकायचं हे त्यांनी आधीच उघड सांगितलं, आणि संशयित देशांवर वेगळी खूण करून ठेवली, म्हणजे ज्याला पटत नाही त्याने ते देश दुसऱ्या रकान्यात टाकून गणित पुन्हा करावं. 'तज्ज्ञांच्या मते' असं मोघम लिहिण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

राजवट कोणत्या वर्षी बदलली, किती वर्षं टिकली, असे प्रश्न असतील तर होय-नाही हवंच. मताधिकार थोडा वाढला, माध्यमांवरचा दाब थोडा वाढला, अशा हालचालींचा परिणाम बघायचा असेल तर कमी-जास्त मोजणारी पट्टी हवी. विषमता हळू सरकते, मताधिकार टप्प्याटप्प्याने येतो, तेव्हा तुमच्यासाठी मी दुसरी निवडेन.

यातूनच तुमच्या निर्देशांकांच्या प्रश्नाचं उत्तर येतं. सध्या सर्वाधिक वापरला जातो तो स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या 'व्ही-डेम' या प्रकल्पाचा. त्यांच्याकडे निवडणूकविषयक, उदारमतवादी, सहभागात्मक, विचारविनिमयात्मक आणि समतावादी अशा पाच वेगवेगळ्या पट्ट्या आहेत. निवडणूकविषयक पट्टी डाल यांच्याच मांडणीवर बेतलेली आहे. समतावादी पट्टीत साधनांचं वाटपही मोजलेलं असतं, तेव्हा तुमच्या विषयासाठी ती वापरलीत की सुरुवातीचा घोटाळा मागच्या दाराने परत आलाच! शिवाय याच आकड्यांवरून चार रकाने पाडतात. लोकशाहीच्या रकान्यात येण्यासाठी निवडणूकविषयक पट्टीवर ०.५च्या वर गुण लागतात, आणि निवडणुका बहुपक्षीय व पुरेशा मुक्त असाव्या लागतात. ०.४९ आणि ०.५१ यांच्यात अंदाजाच्या चुकीच्या मर्यादेपलीकडचा फरक नसतो, पण वर्तमानपत्रातल्या मथळ्यात एक लोकशाही आणि दुसरी एकाधिकारशाही होते.

तुम्ही भारताचं विचारलंत म्हणून तेच घेऊ. व्ही-डेमने २०२१च्या अहवालात भारताला निवडणुका होणारी एकाधिकारशाही म्हटलं. त्याच वर्षी फ्रीडम हाऊसने 'अंशतः मुक्त' म्हटलं. इकॉनॉमिस्ट साप्ताहिकाच्या गटाच्या वर्गवारीत 'सदोष लोकशाही'. भारत सरकारने असे अहवाल फेटाळले. प्रेझवर्स्कींच्या नियमाने भारत सरळ लोकशाही ठरतो, कारण १९७७पासून केंद्रातली सत्ता अनेकदा मतपेटीतून बदलली आहे. यांत कोण खोटं बोलतंय असं बघू नका. एक पट्टी निकाल आणि सत्तांतर बघते. दुसरी माध्यमं, संघटना, टीका करण्याची मोकळीक यांबद्दल देशाचा अभ्यास असलेल्यांना प्रश्न विचारते आणि त्यांच्या उत्तरांचा मेळ घालते. तज्ज्ञांची उत्तरं काळाच्या हवेने बदलतात का, हा वाद खुला आहे. अँड्र्यू लिटल आणि ॲन मेंग या राज्यशास्त्रज्ञांनी २०२४मध्ये दाखवलं की सत्ताधारी किती वेळा हरतात यासारख्या वस्तुनिष्ठ खुणा बघितल्या, तर जगभरात लोकशाहीची घसरण तज्ज्ञांच्या गुणांइतकी दिसत नाही. व्ही-डेमच्या बाजूचं उत्तर असं की आजचे सत्ताधारी मतपेटी न फोडता मैदान तिरकं करतात, आणि ते असल्या खुणांत पकडता येत नाही. मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटतं. तुमच्यापुरतं महत्त्वाचं हे की व्याख्येच्या प्रकरणात डाल आणि आकडेवारीच्या प्रकरणात पॉलिटी, असं होऊ देऊ नका. अनेक प्रबंधांत नेमकं हेच असतं आणि मार्गदर्शकांच्याही लक्षात येत नाही.

तर तुमच्या जागी मी काय केलं असतं? विषमता, कल्याण, न्याय्य वाटा हे व्याख्येतून काढून टाकलं असतं. स्पर्धात्मक निवडणुका, सार्वत्रिक प्रौढ मताधिकार (स्त्रियांसह, हे स्पष्ट लिहून), ती स्पर्धा खरी ठरावी इतपत बोलण्याचं आणि संघटनेचं स्वातंत्र्य, आणि निवडून आलेल्यांना राज्य करण्याची प्रत्यक्ष ताकद, एवढं ठेवलं असतं. न्यायालयांचं स्वातंत्र्य वगैरे वेगळं चल (व्हेरिएबल) म्हणून बाजूला मोजलं असतं. कदाचित तेच विषमतेवर उलटा परिणाम करत असेल, मालमत्तेच्या हक्कांचं रक्षण करून. व्याख्येत कोंबलं तर ते कधीच दिसणार नाही.

मग हीच मांडणी दोन पट्ट्यांवर चालवा : एक कमी-जास्त मोजणारी, एक होय-नाही सांगणारी. उत्तरं जुळली तर उत्तम. नाही जुळली तर घाबरून एक पट्टी लपवू नका. दोन्ही पट्ट्या ज्या देशांच्या ज्या वर्षांबद्दल भांडतात त्यांची यादी करा आणि त्या प्रत्येक वर्षी तिथे काय चाललं होतं ते वाचा : सिनेटमध्ये कोण बसलं होतं, मतदारयादीत कोण नव्हतं, अर्थसंकल्प कुणाच्या सहीने अडत होता. या वाचनाला आकडेमोडीपेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा वेळापत्रकात त्याची जागा आत्ताच ठेवा. आणि यादीतल्या प्रत्येक देशाला तुम्ही कुठल्या रकान्यात टाकलं आणि का, हे परिशिष्टात नाही, मुख्य प्रकरणातच लिहा.